उंटांच्या तांड्यामागे चालत आलेला मुलगा: मलिक अंबर आणि नगरचं पाणी

उमराहहून परतताना दुबईत दोन दिवस थांबायचं आणि मुलांना वाळवंट दाखवायचं, हे आता आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांत चालतं. कुणाला तेवढं जमत नाही, ते सुट्टीत जैसलमेरला जातात. मुलं उंटावर बसतात, दोरी धरून वाटाड्या पुढे चालतो, वाळूच्या टेकडीवरून सूर्य मावळताना दिसतो. रात्री जेवण, गाणी आणि परत हॉटेल. फोटो सगळ्या नातेवाइकांना पोहोचतात. यात वाईट काही नाही. आम्हालाही ते आवडतं.

पण अशीच वाट एका मुलाने सुमारे 470 वर्षांपूर्वी पाहिली होती, आणि त्याच्यासाठी ती सहल नव्हती. उंटावर माल होता आणि तो मुलगाही मालातच धरला जात होता. हाच मुलगा पुढे आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आला आणि मलिक अंबर म्हणून इतिहासात राहिला. आपण त्यांना मोगलांशी झुंजणारा वजीर म्हणून ओळखतो. पण ते कुठून, कसे आणि काय सोसून इथवर आले, हे आपल्या घरात क्वचितच सांगितलं जातं.

त्यांचा जन्म सुमारे 1548 चा, हबश देशातला. आज आपण त्याला इथिओपिया म्हणतो. लहानपणीचं नाव चापू. त्या काळी हबशच्या उंच डोंगरांतून समुद्राच्या किनाऱ्याकडे उंटांचे तांडे उतरत. हरारहून झैला बंदराकडे जाणारी वाट त्यातलीच एक. वरून हस्तिदंत, सोनं आणि माणसं खाली जात. खालून मीठ आणि कापड वर येई. हे कापड बरंचसं हिंदुस्थानातलं होतं. म्हणजे इकडच्या मागावर विणलेल्या कापडाच्या बदल्यात तिकडची लेकरं विकली जात होती. दख्खन आणि हबश यांचं नातं आधी या सौद्याने जोडलं, हे कडू असलं तरी खरं आहे.

तांड्याचा सगळा भार वाटाड्यावर असे. पाणी कुठे आहे, कोणत्या विहिरीचं गोड आणि कोणत्या विहिरीचं खारं, कोणत्या टोळीच्या मुलखातून जाताना कुणाची परवानगी घ्यायची, हे त्याला पाठ असे. ऊन चढलं की मुक्काम, रात्री ताऱ्यांकडे बघत चाल. उंट कित्येक दिवस पाण्यावाचून चालू शकतो, माणूस नाही. म्हणून मुक्काम दोन विहिरींमधल्या अंतरावर ठरत. विकायला नेलेली माणसं बहुतेक पायीच असत. चापू अशाच डोंगरातून किनाऱ्याला पोहोचला आणि समुद्र ओलांडून येमेनच्या मोखा बंदरात विकला गेला. डच व्यापारी पीटर वॅन डेन ब्रोक पुढे 1617 मध्ये दख्खनमध्ये मलिक अंबरना भेटला. त्याच्या नोंदीत मोखाचा तो सौदा 80 गिल्डरचा आहे.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सरळ सांगायला हवी. विकणारे आणि विकत घेणारे यांत आपलेच लोक होते. मुलाच्या एका मालकाचं नाव काजी हुसेन असं सांगितलं जातं. गुलाम मुक्त करणं हे मोठ्या सवाबचं काम, असं आपला दीन शिकवतो. तरीही बाजार भरत राहिले. मलिक अंबरचा अभिमान बाळगताना हा भाग गाळला, तर आपण त्यांचं अर्धंच आयुष्य सांगतो.

मोखानंतर बगदाद आलं. तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतलं. त्याने या मुलाची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवलं. इस्लाम स्वीकारलेल्या चापूला अंबर हे नाव इथेच मिळालं. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारं सुगंधी द्रव्य.

अरबस्तान आणि इराक या मुलखात माणूस जगतो तो पाण्याच्या हिशेबावर. इराककडून मक्केला जाणारी हाजींची जुनी वाट सुमारे 1400 किलोमीटरची. तिला दर्ब झुबैदा म्हणतात, खलिफा हारून अल-रशीद यांच्या बेगम झुबैदा यांच्या नावावरून. वाळू आणि खडकाळ माळ तुडवत जाणाऱ्या या वाटेवर ठिकठिकाणी विहिरी आणि पाण्याचे हौद बांधलेले होते. मध्ये फैदसारखी पाण्याची ठिकाणं होती. मक्केत पाणी आणणारी नहर-ए-झुबैदा हज केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत असतेच. वाळवंटातली हिरवळ पाहून आपल्याला वाटतं की ती आपोआप उगवली. झरा अल्लाहची देणगी खरी, पण पुष्कळ ठिकाणी डोंगराच्या पायथ्याशी पाणी शोधून, जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा खणून ते बागेपर्यंत आणलेलं असतं. वर ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी विहिरीसारखी तोंडं. उघड्यावर नसल्यामुळे पाणी उन्हाने आटत नाही. अंबरचं तरुणपण गेलं ते अशा मुलखात.

1570 च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. विशेष म्हणजे चंगेजखानही हबशी होता आणि कधी काळी गुलामच होता. दख्खनमध्ये हबशी गुलामाला लष्करात वर चढायची वाट होती. अहमदनगर तेव्हा पाण्याच्या बाबतीत नशीबवान नव्हतं. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर उरलेलं इथे पोहोचतं. म्हणून निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा बाजूंनी नहरींतून शहरात पाणी आणलेलं होतं. परक्या मुलखात आलेल्या अंबरला ही गोष्ट तरी ओळखीची वाटली असेल.

चंगेजखान काही वर्षांतच मरण पावला आणि अंबर गुलामीतून मोकळा झाला. त्याने लग्न केलं आणि पोटासाठी तलवार हातात घेतली. विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी करताना त्याला मलिक ही पदवी मिळाली. सुमारे 1595 मध्ये मलिक अंबर दीडशे घोडेस्वार घेऊन परत निजामशाहीत आले. त्याच सुमारास मोगल फौजा अहमदनगरच्या किल्ल्याला भिडल्या होत्या आणि चांदबीबी लढत होत्या. 1600 मध्ये चांदबीबी मारल्या गेल्या, किल्ला पडला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं.

ती संपली नाही. मलिक अंबर यांनी राजघराण्यातल्या मुर्तझाला परांड्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. राजू दखनी या प्रतिस्पर्ध्याला 1607 मध्ये बाजूला केलं. ते काही फरिश्ते नव्हते. सत्तेच्या खेळात जे डाव टाकावे लागतात, ते त्यांनीही टाकले. पण पुढची 26 वर्षं मोगलांना दख्खन गिळता आलं नाही, ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

त्यांची लढायची पद्धत तांड्यासारखीच हलकी होती. मोठी छावणी नाही, अवजड तोफा नाहीत. शत्रूची रसद तोडायची, पाण्याची जागा आधी धरायची, रात्री छापा घालून निघून जायचं. दख्खनच्या डोंगरात हे साधलं ते मराठा घोडेस्वारांमुळे. मालोजी भोसले, पुढे शहाजीराजे आणि शरीफजी असे सरदार त्यांच्या काळात निजामशाहीत उभे होते. 1610 च्या सुमारास इंग्रज प्रवासी विल्यम फिंच याने त्यांच्याकडे 10 हजार हबशी आणि 40 हजार दखनी फौज असल्याचं लिहून ठेवलं. जहांगीर बादशाहाला त्यांचा इतका राग होता की, त्यांच्या तोडलेल्या मस्तकावर बाण मारताना आपलं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मस्तक बादशाहाच्या हाती कधीच लागलं नाही.

1610 मध्ये त्यांनी खडकी हे शहर वसवलं. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. 1612 चा भडकल दरवाजा आणि जामा मशीद ही त्यांची बांधकामं आजही उभी आहेत. पण सगळ्यात मोठं काम जमिनीखाली आहे. शहराच्या उत्तरेच्या डोंगरांकडून त्यांनी नहर-ए-अंबरी आणली. जमिनीत खोल बोगदा, हलका उतार आणि वर हवेची तोंडं, म्हणजे वर सांगितली तीच पद्धत. मोट नाही, बैल नाही. पाणी आपल्याच ओघाने शहरात यायचं. पाणचक्की दाखवताना पुष्कळ जण ती नहर अंबरची म्हणून सांगतात. ते खरं नाही, पाणचक्की नंतरच्या काळातली. अंबरची नहर वेगळी आणि तिच्या आधीची. 1616 मध्ये रोशनगावच्या लढाईत पराभव झाला, मोगलांनी खडकी जाळली. शहर पुन्हा उभं राहिलं.

पाण्याची हीच जाण त्यांनी आपल्या जिल्ह्यात लढाईसाठीही वापरली. 1624 चा पावसाळा. मोगल आणि विजापूर या दोघांच्या फौजा त्यांच्यावर चालून आल्या. मलिक अंबर तेव्हा पंच्याहत्तरीच्या घरात होते. अहमदनगरच्या पूर्वेला भातवडीजवळ त्यांनी तळ दिला आणि तिथल्या तलावाचा बांध फोडला. सगळीकडे चिखल झाला. शत्रूचे हत्ती, गाडे, तोफा जागेवर रुतल्या, छावणीतला दाणागोटा संपत आला. मग त्यांनी हल्ला केला आणि दोन सल्तनतींची फौज मोडली. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत कामी आले. एका हबशी मुसलमान वजिराच्या बाजूने भोसल्यांच्या मुलाने जीव दिला, ही गोष्ट नगर तालुक्यातलीच आहे. आज मन कलुषित करणारं ऐकलं की आम्हाला भातवडी आठवते.

राज्य चालवतानाही त्यांचा हिशेब पक्का होता. सारा वसूल करण्याचे मक्ते त्यांनी बंद केले, जमिनीची प्रत आणि पीक बघून धारा ठरवला. मलिकंबरी धारा हा शब्द पुढेही महाराष्ट्रात चालत राहिला. ज्याची स्वतःची किंमत दुसऱ्यांनी बाजारात ठरवली होती, त्याने शेतकऱ्याकडून किती घ्यायचं याला मर्यादा घातली. मलिक अंबरच्या आयुष्यातली आम्हाला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

मे 1626 मध्ये त्यांचा इंतिकाल झाला. खुलदाबादला, हजरत जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे. दहा वर्षांतच, 1636 मध्ये, निजामशाहीही संपली.

आज नहर-ए-अंबरी बऱ्याच ठिकाणी बुजली आहे, तिच्यावर घरं झाली आहेत. आपल्या नगरच्या जुन्या नहरींची गतही तीच. उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर टँकर येतो. आपण मलिक अंबर यांच्या नावाने भाषणं करतो, पण त्यांनी ठेवलेली खरी अमानत पाणी आहे. तिचा गाळ काढायला कोणत्याही एका समाजाने दुसऱ्याची वाट बघायची गरज नाही.

मुलांना वाळवंट जरूर दाखवा. उंटावरही बसवा. पण त्याआधी एखाद्या रविवारी भातवडीला न्या, तलावाच्या बांधावर उभं करा. पुढे कधी खुलदाबादला गेलात तर त्या कबरीजवळ फातिहा पढा. मग मुलांना सांगा की उंटाच्या पुढे दोरी धरून चालणारा वाटाडा आपण पाहिला, पण तांड्याच्या मागे पायी चालणारा एक मुलगाही होता. त्यानेही वाट आणि पाणी लक्षात ठेवलं होतं.