बाबा आमटे आणि त्यांची पाठ

सत्संगात हल्ली खुर्च्या आणि भिंतीकडेची जागा आधी भरते. वय झालं की पाठ बोलतेच, त्यात लाजायचं काय? म्हणून आज बाबा आमट्यांविषयी थोडं.

हिंगणघाटला १९१४ साली जन्म, घर जमीनदाराचं, शिक्षण वकिलीचं. ते सोडून १९५१ पासून वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर कुष्ठरोग्यांसोबत आनंदवन उभारलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या मणक्याचं दुखणं मात्र आपण विसरतो. स्पाँडिलोसिसमुळे उतारवयात त्यांना बसताच येईना. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. दिवसातून आपण सहज किती वेळा टेकतो, मोजून बघा! पाहुणे आले तरी बाबा खाटेवर पडूनच बोलत.

अशा पाठीनिशी, सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. तरुण मुलंमुली सायकलवर, बाबा गाडीत आडवे. १९८८ ला पुन्हा निघाले, इटानगर ते ओखा. अन् १९९० साली आनंदवन सोडून साधनाताईंसह नर्मदाकाठी कसरावदला राहायलाच गेले, धरणामुळे उठणाऱ्या गावांसाठी. आपल्या इंदूरकरांना बडवानीकडचा तो उन्हाळा माहीत आहे. दुखणं काही कमी झालं नव्हतं, आणि ते सांभाळणाऱ्या साधनाताईंचंही वय होतच होतं.

शेवटची वर्षं पुन्हा आनंदवनात गेली. ९ फेब्रुवारी २००८ ला बाबा गेले. दहन केलं नाही, तिथल्याच मातीत ठेवलं.