बिनपगारी पक्षिशास्त्रज्ञ : डॉ. सलीम अली

डॉ. सलीम अली म्हटले की गळ्यात दुर्बीण अडकवलेले, पांढऱ्या दाढीचे आजोबा डोळ्यांसमोर येतात. पण ज्या कामामुळे त्यांचे नाव झाले, ते त्यांनी पस्तिशीच्या आसपास सुरू केले, आणि तेही हातची नोकरी गेल्यावर. त्यातले एक मोठे काम आपल्या हैदराबाद संस्थानातले. म्हणून सभासदांसाठी ही ओळख.

जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. तरुणपणी ते ब्रह्मदेशात तावॉयला घरच्या खाणधंद्यात गेले. तिथल्या घनदाट जंगलात पक्षी भरपूर दिसले, धंदा मात्र बुडाला. मधल्या काळात मुंबईत त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबही शिकून घेतले. (आमच्यातल्या कॉमर्सवाल्यांना हे वाचून बरे वाटेल!) विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यात जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी लागली. तिथून रजा घेऊन ते जर्मनीत बर्लिनला प्रा. श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आपण मराठीत सुगरण म्हणतो, पण घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तर राहते. मग तो ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीसाठी, सुरुवात करतो. ही सारी घडामोड रोज बसून त्यांनी टिपली.

पण घर कसे चालायचे? त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तुम्ही करा, पक्ष्यांची पाहणी मी विनामोबदला करतो. निजाम सरकारने तो मान्य केला आणि १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. त्या वेळी संस्थानात तेलंगणाबरोबर औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे आपले जिल्हेही होते. पक्षी मारून, पेंढा भरून, मापे घेऊन ठेवणे ही त्या काळची रीत. ती त्यांनीही पाळली. पण मेलेला पक्षी किती इंचांचा भरतो यापेक्षा जिवंत असताना तो काय खातो, कोणत्या फुलावर येतो, कुठे घरटे करतो, याकडे त्यांचे जास्त लक्ष असे. १९३३ मध्ये ते त्रावणकोर-कोचीनच्या सदाहरित जंगलांत गेले. पुढे इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळही झाले.

आमच्या मते या कामाचे निम्मे श्रेय तहमिनाबाईंचे. विलायतेत शिकलेल्या या बाई विनापगारी नवऱ्याबरोबर तंबूत राहिल्या, मुक्कामाची सगळी व्यवस्था त्यांनी पाहिली. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही.

दोनच वर्षांनी भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. स्वातंत्र्यानंतर भरतपूरचे केवलादेव पाणथळ शेतीसाठी मोडायची मागणी झाली, तेव्हा ते थेट नेहरूंकडे गेले आणि ती जागा वाचली. १९७६ साली मिळालेले ५० हजार डॉलरचे पॉल गेटी पारितोषिकही त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकले. २० जून १९८७ रोजी मुंबईत ते वारले.