सावनेर ते बडोदे : राम गणेश गडकरी आणि 'एकच प्याला'

धान कापून झाले आणि मंडई भरली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि तो पडेपर्यंत पहाट होते. मी आठवीत असताना आमच्या गावच्या मंडळाने 'एकच प्याला' बसविले होते. तळीरामाच्या प्रवेशाला मांडवात सर्वांत मोठ्याने हसणारी माणसे कोण होती, हे इथे सांगत नाही. प्रत्येक गावात ती असतात. शेवटच्या अंकात मात्र तीच माणसे खाली मान घालून बसली होती. माझी आजी तर नाटक संपल्यावरही बराच वेळ जागची उठली नाही.

हे नाटक लिहिणारा माणूस आपल्या विदर्भातच, नागपूर जिल्ह्यातील सावनेरला वारला, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. बालपण तिकडेच गेले आणि शाळेची सुरुवातही गुजरातीतून झाली. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे कुटुंब पुण्यास आले. ज्यांच्या मराठीवर उभा महाराष्ट्र लुब्ध झाला, त्यांनी पहिले धडे गुजरातीत गिरविले ही गोष्ट मला फार धीर देते. घरी झाडीबोली बोलून वर्गात पुस्तकी मराठीशी झटापट करणाऱ्या माझ्या मित्रांनाही ती धीर देईल.

मॅट्रिक होऊन ते फर्ग्युसन कॉलेजात गेले तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते, म्हणजे आज आम्ही आहोत त्याच वयाचे. पहिल्याच वर्षी गणिताने घात केला आणि कॉलेज सुटले. घरची गरिबी होती. त्यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकविण्याची नोकरी धरली, काही काळ 'ज्ञानप्रकाश' पत्रातही काम केले. पण पदवी हुकली तरी वाचन सुटले नाही. वऱ्हाडातले वकील आणि नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरू मानले. 'गोविंदाग्रज' नावाने कविता लिहिल्या, 'बाळकराम' नावाने विनोदी लेख लिहिले. 'प्रेमसंन्यास' आणि 'पुण्यप्रभाव' या नाटकांनी त्यांचे नाव झाले. या दोन नाटकांवर आमच्या सरांनी वर्गात पुष्कळ सांगितले आहे, म्हणून मी सरळ 'एकच प्याला'कडे वळतो.

सुधाकर हा हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सहा महिन्यांसाठी सनद जाते आणि मानी माणसाला तो अपमान सोसत नाही. तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पुढे घर जाते, अब्रू जाते, पोटचे पोर जाते, शेवटी सिंधूही जाते. एवढ्याशा कारणाने एवढा नाश कसा होईल, असे काही टीकाकारांनी विचारले आहे. ज्यांनी मोहाच्या दारूपायी उठलेली घरे पाहिली आहेत, ते असे विचारणार नाहीत असे मला वाटते.

हे नाटक उभे करायला घेतले ते गंधर्व नाटक मंडळीने. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली काढलेली ही कंपनी वैभवासाठी प्रसिद्ध होती. तिचा प्रेक्षक येत असे तो बालगंधर्वांचे गाणे ऐकायला आणि त्यांचे शालू पाहायला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून संगीत नाटक म्हणजे बहुतेक गोड शेवट हे ठरून गेले होते. इटलीच्या ऑपेरात नायिका गात गात मरते, आणि तिकडच्या लोकांना त्यात काही वावगे वाटत नाही. आपल्या प्रेक्षकाला ती सवय नव्हती. त्याच्यापुढे नायिकेचा आणि नायकाचाही अंत असलेले नाटक ठेवायचे होते. बालगंधर्वांनी सिंधूसाठी शालू बाजूला ठेवला, ठिगळाचे लुगडे नेसले आणि जात्यावर बसले. बोडसांकडे सुधाकराची भूमिका आली. नाटकातली पदे गडकऱ्यांची नव्हेत. ती कथालेखक वि. सी. गुर्जर यांनी रचली, आणि चालींसाठी सुंदराबाई जाधव यांच्या गायकीचा मोठा उपयोग झाला.

इकडे गडकऱ्यांना क्षयाने गाठले होते. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. प्रकृती ढासळल्यावर ते सावनेरला आले. तिथेही लेखणी खाली ठेवली नाही. 'भावबंधन' शेवटच्या दिवसांत पुरे केले. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे तेहतीस. आणि २० फेब्रुवारी १९१९ ला, म्हणजे बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला. सुतक संपून जेमतेम दोन आठवडे झाले होते. ज्या नाटकाने त्यांना अमर केले, ते त्यांनी रंगभूमीवर पाहिलेच नाही.

सिंधूबद्दल माझे एक भांडण आहे. नवऱ्याने काठी घातली तरी फौजदारापुढे ती त्याला वाचविते, आणि प्रेक्षक डोळे पुसतात. आमच्या भागातल्या बायांनी असे केले नाही. त्यांच्या आंदोलनातून गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत बाया पायी गेल्या, तेव्हा कुठे २०१५ साली चंद्रपुरात बंदी आली. २०२१ मध्ये ती उठलीही. गडकऱ्यांनी गीता दाखविली आहे, ती तळीरामाला तोंडावर बोलते. पण तिला त्यांनी बहुतेक हसण्यासाठीच ठेवले. त्या रात्री नाटक सुटल्यावर मी आजीला विचारले होते, तुला कोण आवडली? ती गीता म्हणाली.

'भावबंधन' पुढे बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. 'राजसंन्यास' मात्र अपुरेच राहिले.