हुद्दा नव्हे, जखम पाहणारा शल्यविशारद

रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्र काढण्याची वेळ आली, की नातेवाइकांना एक गोष्ट हमखास खटकते. आधी आलेला रुग्ण बाकावर ताटकळत राहतो आणि मागाहून आलेल्याला स्ट्रेचरवरून थेट आत नेले जाते. त्यावरून वादावादीही होते. रांगेपेक्षा जखमेला मान देणारी ही पद्धत रुजविणाऱ्यांत दोमिनिक जाँ लारे या फ्रेंच शल्यविशारदाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

पिरेनीज पर्वतातील एका खेड्यात ८ जुलै १७६६ रोजी लारे यांचा जन्म झाला. लहानपणीच पोरके झालेल्या या मुलाला तुलूझ येथील शल्यविशारद काकांनी वाढविले आणि विद्याही दिली. पॅरिसमधील शिक्षणानंतर १७९२ मध्ये ते ऱ्हाइन आघाडीवरील सैन्यात दाखल झाले. जखमींना वाहून नेणाऱ्या गाड्या रणभूमीपासून तब्बल एक लीग, म्हणजे सुमारे चार किलोमीटर, दूर ठेवण्याचा तेव्हा नियम होता. लढाई थांबेपर्यंत जखमी जागीच पडून राहत. अनेकांचा तेथेच अंत होई. झपाट्याने जागा बदलणारा घोडदळाचा तोफखाना पाहून लारे यांना घोड्यांच्या हलक्या रुग्णगाड्यांची कल्पना सुचली. गोळीबार सुरू असतानाच या ‘उडत्या’ गाड्या जखमींपर्यंत पोहोचू लागल्या. इजिप्तच्या वाळूत त्यांनी हेच काम उंटांकडून करून घेतले.

सर्वांत गंभीर जखमीवर प्रथम उपचार, मग तो सेनापती असो वा साधा शिपाई, हा त्यांचा दंडक होता. शत्रूचे जखमीही त्यातून वगळले जात नसत. हुद्द्याला सर्वस्व मानणाऱ्या लष्करात हे धाडसच म्हटले पाहिजे. उपचारांबरोबर त्यांच्या नोंदीही सुरू असत. चिरडलेला अवयव ताबडतोब कापावा की काही दिवस थांबावे, हा त्या काळचा मोठा वाद होता. पहिल्या चोवीस तासांत शस्त्रक्रिया केल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते, असे मत त्यांनी रणांगणावरील अनुभवातून मांडले. १८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी एका दिवसरात्रीत सुमारे दोनशे अवयवच्छेद केल्याचे सांगितले जाते, तेही भूल देण्याचे तंत्र नसताना! आज वाचतानाही अंगावर शहारे येतात.

त्यांची खरी कसोटी मात्र १८१३ मध्ये लागली. जर्मनीतील लढायांनंतर शेकडो कोवळ्या रंगरुटांच्या हातांना व बोटांना जखमा आढळल्या. युद्ध टाळण्यासाठी त्यांनी स्वतःच त्या करून घेतल्या, असा वरिष्ठांचा संशय होता आणि नेपोलियनचाही त्यावर विश्वास बसला होता. दोष सिद्ध झाला असता तर कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या असत्या. चौकशी लारे यांच्याकडे आली. त्यांनी व सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक जखमी एकेक करून तपासले. मागच्या रांगेतील नवशिक्यांच्या बंदुकांनी पुढच्यांचे हात जायबंदी झाले होते. चढावर हल्ला करताना समोरच्या गोळ्याही हातांवरच बसल्या होत्या. मुद्दाम केलेल्या जखमेचा पुरावा मिळाला नाही. सम्राटाला नको असलेला हा निष्कर्ष लारे यांनी निर्भीडपणे सादर केला. नेपोलियन प्रथम संतापला, पण पुढे त्याने लारे यांचा गौरव करून त्यांना निवृत्तिवेतन दिले. पोरे वाचली.

१८१५ मध्ये वॉटर्लू येथे लारे प्रशियन सैनिकांच्या हाती सापडले. त्यांना गोळ्या घालण्याची तयारी झाली असताना, त्यांची व्याख्याने ऐकलेल्या एका जर्मन शल्यविशारदाने त्यांना ओळखले आणि ते बचावले. नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले होते.

अल्जीरियातील लष्करी रुग्णालयांची पाहणी करून परतताना २५ जुलै १८४२ रोजी लियाँ येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील ‘अँव्हालिद’ या जखमी सैनिकांच्या आश्रयस्थानी विसावा मिळावा, ही त्यांची इच्छा तेव्हा अपुरीच राहिली. त्यांचे अवशेष तेथे नेण्यात आले ते १९९२ मध्ये.