पांडुरंग खानखोजे: बंदूक शिकले, बियाणं कामी आलं

बर्कले म्हटलं की आज आपल्याला कम्प्युटर आठवतो. पण सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठच्या या विद्यापीठाच्या शहरात शंभरहून जास्त वर्षांपूर्वी वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेतीशास्त्र शिकायला पोहोचले होते. मनात मात्र इंग्रजांशी लढायचं होतं, म्हणून उपसागरापलीकडच्या लष्करी शाळेतही ते शिकले. पुढे गदर चळवळ, पहिलं महायुद्ध, इराणमधली लढाई. मायदेशाची वाट बंद झाली.

१९२४ मध्ये मेक्सिकोत शेतीचं शिक्षणच उपयोगी पडलं. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवताना त्यांनी संकरातून मक्याच्या नव्या जाती तयार केल्या, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिवेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.