महात्मा फुलेंच्या मदतीसाठी बडोद्याला गेलेले 'ते' पत्र कोणी लिहिले होते?

जत : शाळा, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी', 'शेतकऱ्याचा असूड'. जोतीराव फुले म्हटले की एवढे सगळ्यांना आठवते. पण त्यांची शेवटची अडीच वर्षे कशी गेली, हे फारसे सांगितले जात नाही. त्या काळातले एक खासगी पत्र त्यासाठी महत्त्वाचे आहे.

फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले कटगुण. मूळ आडनाव गोऱ्हे. जत संस्थानही तेव्हा सातारा जहागिरींपैकी एक, त्यामुळे आपल्या भागाला हे नाव परके नाही. जन्म १८२७ चा. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज. हा माणूस कंत्राटदारही होता, ही बाब मात्र अनेकदा सुटते. बांधकामाच्या धंद्यात त्यांनी पैसा कमावला आणि तो समाजकार्यात घातला.

मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. डॉ. विश्राम रामजी घोले यांचे उपचार सुरू होते. उजवा हात चालत नाही म्हणून फुले डाव्या हाताने लिहू लागले. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' असे पूर्ण झाले. घरात मात्र पैशांची चणचण होती.

अशा वेळी ३१ जुलै १८९० रोजी मामा परमानंद यांनी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहिले. नारायण महादेव परमानंद हे पत्रकार, लेखक आणि प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. स्वतःची तब्येत बरी नसतानाही त्यांनी मित्रासाठी शब्द टाकला. पत्ताही नेमका निवडला. 'असूड'मधला काही भाग फुल्यांनी सयाजीरावांना पूर्वीच वाचून दाखवला होता.

पत्रात फुल्यांची हलाखी आहेच. मात्र परमानंद तिथे थांबले नाहीत. जोतीरावांपेक्षा सावित्रीबाईंचे श्रेय जास्त आहे, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले. वरच्या जातीच्या शिकलेल्या स्त्रिया ज्या कामापासून दूर राहिल्या, ते काम या बाईंनी आयुष्यभर केले, असा त्यांचा मुद्दा होता. १८९० साली, तेही मदत मागताना, पत्नीचे काम पुढे ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. सावित्रीबाईंच्या अभ्यासकांना हे पत्र आजही लागते ते यासाठीच.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. बडोद्याहून १००० रुपये आले ते त्यानंतर, सावित्रीबाईंसाठी. डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक १८९१ मध्ये छापून निघाले. मामा परमानंद १८९३ मध्ये गेले. सावित्रीबाई १८९७ पर्यंत काम करत राहिल्या. पुण्यातल्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेगने गाठले.