बाबासाहेबांची पहिली नोकरी आणि आपली पहिली नोकरी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न सतत ऐकू येतो. एम.ए. झालेला मुलगा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कंत्राटी कामावर जातो. बी.एड. झालेली मुलगी तासिका तत्त्वावर शिकवते आणि पगाराची वाट पाहते. हे काम करावे की सोडून पुन्हा स्पर्धा परीक्षेला बसावे, असे ही मुले विचारतात. आम्ही त्यांना विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यातील १९१७ ते १९२० ही तीन वर्षे सांगतो. जयंतीच्या भाषणांत ही वर्षे दोन वाक्यांत संपतात, पण नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांसाठी त्यांत बरेच काही आहे.

१९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले ते शिक्षण अर्धवट ठेवून. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याची नोकरी करणे बंधनकारक होते. पुस्तकांचे सामान ज्या बोटीने येत होते ती महायुद्धात बुडाली. त्या सामानाच्या भरपाईच्या पैशांतून ते बडोद्याला गेले.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला कचेरीतले शिपाई लांबूनच फायली टाकत. राहायला शहरात कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एका बागेत झाडाखाली बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली आणि मुंबई गाठली. महाराज सयाजीरावांची इच्छा चांगली होती, पण त्यांच्या कचेरीची आणि शहराची मानसिकता बदललेली नव्हती.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडली. जिथे माणूस म्हणून उभे राहायला जागाच नाही, तिथे सहन करत राहणे हा गुण नव्हे. पहिल्या नोकरीत सगळे सोसावेच लागते, असा उपदेश करणाऱ्यांनी बडोदा विसरू नये.

मुंबईत आल्यावर त्यांनी हाती येईल ते काम केले. शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देण्याचे काम सुरू केले, पण सल्ला देणाऱ्याची जात कळताच गिऱ्हाईक फिरकेना. याच काळात, १९१८ मध्ये, शेतीच्या लहान तुकड्यांच्या प्रश्नावरचा त्यांचा अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध झाला. पोटाचा प्रश्न सुटला नव्हता, तरी लेखणी थांबली नव्हती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सरकारी सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार ४५० रुपये. त्या काळात रक्कम मोठी होती, पण जागा तात्पुरती होती. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. सुरुवातीला विद्यार्थीही त्यांना फारसे मोजत नव्हते. काही दिवसांत चित्र पालटले. त्यांची तयारी आणि विषयावरची पकड अशी होती की दुसऱ्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या वर्गाला येऊन बसू लागले.

जातीयता इथेही होती. मग बडोदा सोडले आणि सिडनहॅम का धरले? आम्हाला दिसते ते असे की इथे वर्ग त्यांच्या हातात होता, ग्रंथ जवळ होते आणि पगारातून शिल्लक पडत होती. नोकरी अपुरी होती, पण तिच्यातून लंडनचा रस्ता निघत होता. विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत डोळ्यांसमोर होती.

सरकारी नोकरीची बंधनेही होती. तरीही २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या मताधिकाराची आणि स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले. नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव देता येत नव्हते, म्हणून पांडुरंग भटकर संपादक झाले. या पाक्षिकासाठी आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली.

मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले. त्याच महिन्यात २१ आणि २२ तारखेला कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. शाहू महाराजांनी तिथे बाबासाहेबांना समाजाचा पुढारी म्हणून जाहीर केले. जुलैमध्ये ते लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, या तिन्हींमुळे ते शक्य झाले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

या हिशेबात एक नाव नेहमी राहून जाते, ते माता रमाईंचे. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, ठरवून दिलेल्या मोजक्या पैशांत त्यांनी घर चालवले. ४५० रुपयांतली शिल्लक त्यांच्या काटकसरीतून आली. आजही मुलगा परीक्षेची तयारी करतो तेव्हा घर कोण चालवते? आई दुसऱ्याच्या शेतात जाते, बहीण शिक्षण सोडते. तो हिशेब मुलाने लक्षात ठेवलाच पाहिजे.

म्हणून आम्ही मुलांना नोकरी कर किंवा सोड असे सरसकट सांगत नाही. तीन प्रश्न विचारतो. इथे तुझा मान राहतो का? इथून काही शिकायला किंवा साठवायला मिळते का? आणि पुढे कुठे जायचे व कधीपर्यंत, हे ठरले आहे का? पहिल्याचे उत्तर साफ नाही असेल, तर बाहेर पड आणि तक्रारही कर. आज संविधान आणि कायदा पाठीशी आहेत. बाकी दोन्हींचे उत्तर होय असेल, तर अपुरी नोकरीही वाया जात नाही.

चौथा प्रश्न समाजाला आहे. बाबासाहेबांना शाहू महाराज आणि भथेना भेटले. आपल्यापैकी जे स्थिर नोकरीत आहेत, त्यांनी वस्तीतल्या एका तरी मुलाची किंवा मुलीची परीक्षा फी, पुस्तके किंवा खोलीभाडे उचलावे. माणगावच्या मातीत राहणाऱ्यांनी एवढे करायलाच हवे.

जयभीम!